दुधाचे दात पडणारच आहेत, मग उपचार कशाला? वणीच्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि थोडक्यात उत्तर देऊन भागणार नाही हे लगेच कळलं, कारण एका प्रश्नात तुम्ही पाच प्रश्न विचारलेत आणि पाचही बरोबर आहेत. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताईंचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, वरचे पुढचे चार दात काळे होऊन अर्धे झिजलेत, मागे दोन दाढांना खड्डे पडलेत, खालचे पुढचे दात मात्र एकदम चांगले. एक डॉक्टर म्हणाले दुधाचे आहेत, पडतील, काही करू नका. दुसऱ्यांनी सांगितलं पूर्ण भूल देऊन सगळ्याच दातांचं रूट कॅनाल करू. नणंद म्हणतात फ्लोराइडची पेस्ट विषारी, हर्बल वापर. सासूबाई मूळच्या सातारकडच्या, त्या म्हणतात आम्ही जन्मभर मिश्री लावली, ब्रश हातात धरला नाही, तरी सगळे दात शाबूत. मिस्टरांच्या नोकरीमुळे घर यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला, पिण्याचं पाणी बोअरचं. आणि घरात आठ महिन्यांची लेक आहे, तिचं तरी असं होऊ नये म्हणून काय करू, असं त्यांनी विचारलंय.

मी २४ वर्षं लहान मुलांचेच दात बघतेय, त्यातली पहिली सात वर्षं खेड्यातल्या शाळांमधून तपासण्या करण्यात गेली. तुमच्या मुलाचं तोंड मी बघितलेलं नाही, एक्स-रे बघितलेला नाही, त्यामुळे कुठल्या दाताला नेमकं काय करायचं ते इथून सांगता येणार नाही. पण वरचे चार गेले आणि खालचे चांगले, हे एक वाक्य तुम्ही लिहिलंत त्यावरून बरंच काही कळतं.

रात्री झोपताना बाटली तोंडात असायची का? किंवा झोपेत दूध, साखर घातलेलं? जवळपास खात्रीनं सांगते, असणार. कारण बाळ चोखतं तेव्हा जीभ खालच्या दातांवर पसरलेली असते, आणि जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं बरोब्बर खालच्या पुढच्या दातांमागेच उघडतात, त्यामुळे ते दात लाळेनं सतत धुतले जातात. वरचे दात उघडे पडतात, दूध त्यांच्याभोवती साचून राहतं. त्यात झोपेत लाळ जवळजवळ बंदच होते. म्हणून हा नमुना इतका ठरलेला असतो, आधी वरचे चार, मग मागच्या दाढा, खालचे पुढचे सगळ्यात शेवटी किंवा नाहीच. हे वाचून स्वतःला दोष देत बसू नका हं, मी हे बालरोगतज्ज्ञांच्या घरातल्या मुलांमध्येसुद्धा बघितलंय. आपल्याकडे बाळाचे दात आल्यावर नक्की काय करायचं हे आईला कुणी सांगतच नाही, लसीकरणाच्या कार्डावरही त्याची ओळ नसते.

आता "कीड" या शब्दाबद्दल बोलायलाच हवं, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. कीड म्हटलं की डोळ्यापुढे अळी येते. खेड्यात अजूनही भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून धूर देतात आणि कीड पडली म्हणून दाखवतात. अशी अळी दातात नसते. पिअर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्यानं १७२८ च्या पुस्तकातच ही समजूत खोडून काढली होती. खरं काय होतं तर दातावर जंतूंचा एक चिकट थर कायम असतो, त्यातले काही जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात, आणि ते आम्ल इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण कवचातलं, कॅल्शियम विरघळवतं. आम्ल कमी झालं की लाळेतलं कॅल्शियम परत दातात जाऊन बसतं. म्हणजे दात दिवसभर थोडा झिजतो आणि थोडा भरतो, झिजतो आणि भरतो, हे तुमच्या-माझ्या तोंडात आत्ताही चालू आहे. झीज भरण्यापेक्षा जास्त व्हायला लागली की महिन्या-दोन महिन्यांत हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसते, नंतर ती पिवळी-तपकिरी होते, आणि शेवटी वरचा कवचासारखा थर आत कोसळतो, त्याला आपण खड्डा म्हणतो. खड्डा पडेपर्यंत कित्येक महिने गेलेले असतात आणि तोपर्यंत हे सगळं मागे फिरवता येतं. पांढऱ्या रेघेच्या टप्प्यावर दात दाखवला असता तर ड्रिलची गरजच पडली नसती, असं मी आठवड्यातून कितीतरी वेळा मनात म्हणते.

हे मागे-पुढे होणं नीट मोजलं रॉबर्ट स्टीफन नावाच्या अमेरिकन संशोधकानं, १९४० च्या सुमारास. ग्लुकोजच्या पाण्यानं चूळ भरायला लावली आणि दातावरच्या थराचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), मोजत बसले. काही मिनिटांत पीएच धाडकन खाली येतो, आणि साडेपाचच्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. पुन्हा वर यायला अर्धा ते एक तास लागतो. आता हिशोब करा. पोरानं तीन वेळा जेवणाबरोबर गोड खाल्लं तर तीन वेळा आम्ल झालं आणि मधले सगळे तास दुरुस्तीला मिळाले. आणि दुसरं एखादं पोर सकाळी साखरेचं दूध, मग बिस्कीट, मग शाळेच्या डब्यात जॅम, मग रिक्षात चॉकलेट, घरी आल्यावर सरबत, टीव्ही बघताना एकेक करत वेफर्स, संध्याकाळी चहात बुडवून खारी, रात्री परत बाटली असं चालू असेल तर पीएच वर यायला वेळच मिळत नाही, दिवसभर दात आम्लात. कदाचित साखर दोघांनी सारखीच खाल्ली असेल.

याचा सगळ्यात मोठा पुरावा स्वीडनमधल्या लुंड शहरातल्या व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेतून आला, आणि तो कसा मिळाला हे सांगितल्याशिवाय मी तो कधी सांगत नाही. मतिमंद लोकांची ती संस्था होती. १९४५ पासून काही वर्षं तिथल्या चारशेच्या वर रुग्णांवर आहाराचे प्रयोग झाले. काहींना भरपूर साखर दिली पण जेवणाबरोबर, पेयात विरघळवून. काहींना गोड पाव. काहींना मुद्दाम बनवलेली, दाताला चिकटून राहील अशी टॉफी, जेवणांच्या मधल्या वेळात, एका गटाला तर दिवसाला २४. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. मधल्या वेळात टॉफी चघळणाऱ्यांचे दात भराभर किडत गेले, आणि टॉफी बंद केल्यावर नवीन किडणं परत खाली आलं. निष्कर्ष १९५४ मध्ये छापले गेले. ज्यांचे दात गेले त्यांना हो किंवा नाही म्हणायची संधीच दिली नव्हती, आज असा प्रयोग कुठलीही समिती मंजूर करणार नाही आणि करूही नये. जगातल्या प्रत्येक डेंटल कॉलेजात जे शिकवलं जातं, साखर किती यापेक्षा किती वेळा आणि किती वेळ दाताला चिकटून राहिली हे बघा, ते त्या माणसांच्या दातांवर उभं आहे. स्वीडनमध्ये पुढे मुलांना फक्त शनिवारी गोळ्या-चॉकलेट द्यायचं असा सल्ला सरकारनंच दिला आणि घराघरात तो रुजला, अजून शनिवारच्या गोळ्या म्हणतात तिकडे. मी माझ्याकडच्या आयांना हेच सांगते, बंदी घालू नका, घरात कुणाचं ऐकलं जाणार नाही, वार ठरवा. आणि रोजचं गोड असेल तर ते जेवणाच्या ताटातच वाढा. शिरा ताटात चालेल, श्रीखंड ताटात चालेल, पण खिशात लिमलेटची गोळी नको.

गूळ, मध, खजूर, खडीसाखर चालते का हे तुम्ही विचारलं नाहीत पण पुढचा प्रश्न तोच असतो. जंतूंना फरक पडत नाही. गुळाचा खडा तर चिकटही असतो. चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, हे पौष्टिक आहेत, द्या, पण जेवणाच्या शेवटी द्या आणि वर पाणी प्यायला लावा. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, काकडी, गाजर, पनीरचा तुकडा, उकडलेलं अंडं हे मधल्या वेळेला उत्तम. आणि एक गोष्ट सगळेच विसरतात, खोकल्याची-तापाची गोड सिरपं. वारंवार आजारी पडणाऱ्या मुलाला रात्री झोपताना शेवटचा चमचा सिरपचा जातो आणि तो तसाच दातांवर रात्रभर राहतो. औषध बंद करायचं नाहीये, नंतर ओल्या कपड्यानं दात पुसायचे, एवढंच.

आता सासूबाईंचं. त्या खोटं बोलत नाहीयेत आणि त्यांना खोडून काढू नका, त्यांच्या म्हणण्याला चांगलं उत्तर आहे आणि ते आपल्या शेजारच्याच देशातलं आहे. हाराल्ड लो नावाच्या संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० पासून श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या ४८० पुरुष मजुरांचे दात पंधरा वर्षं तपासले. हे लोक ब्रश करत नव्हते, दंतवैद्याकडे कधी गेले नव्हते. दातांवर थर, दगडासारखं किटण, हिरड्या सगळ्यांच्याच सुजलेल्या. तरी यातल्या सुमारे ११ टक्के लोकांच्या हिरड्यांचा आजार पुढे सरकलाच नाही, ८१ टक्क्यांचा हळूहळू वाढत गेला, आणि ८ टक्क्यांचा इतक्या वेगानं की ऐन उमेदीत दात हलून पडायला लागले. आणि लक्षात घ्या, या सगळ्यांत किडलेले दात जवळपास नव्हतेच! ब्रश नाही, पण मधल्या वेळची साखरही नाही.

म्हणजे सासूबाईंचे दात किडले नाहीत याचं श्रेय मिश्रीला नाही, त्यांच्या लहानपणच्या ताटाला आहे. भाकरी, कालवण, सणाला पुरणपोळी, आणि मधल्या वेळेत काही नाही. आणि हिरड्यांच्या बाबतीत त्या त्या नशीबवान ११ टक्क्यांतल्या असाव्यात. त्यांच्या वयाच्या ज्यांचे दात पडून गेले त्या बायका असा दाखला द्यायला पुढे येत नाहीत. तुमचा मुलगा वेगळ्या ताटावर वाढतोय, त्यामुळे त्याला त्यांचा नियम लागू होत नाही.

असंच उलट्या बाजूनं दाखवणारं एक उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. न्यू साउथ वेल्समध्ये बाउरल इथं होपवुड हाउस नावाचं मुलांचं आश्रमासारखं घर होतं, १९४२ च्या सुमारास सुरू झालेलं. शाकाहारी जेवण, अखंड धान्य, भाज्या, दूध, पांढरी साखर जवळजवळ नाही. ब्रशिंग काही खास नव्हतं, हिरड्या अनेकांच्या सुजलेल्या असायच्या. पण दात बाहेरच्या मुलांपेक्षा कितीतरी कमी किडलेले. मुलं बारा-तेरा वर्षांची होऊन बाहेर पडली, बाहेरचं खायला लागली आणि त्यांचेही दात इतरांसारखेच किडायला लागले. लहानपणी दात मजबूत झाले की जन्मभर पुरतात असं काही नसतं, जोपर्यंत साखर बेतात तोपर्यंतच ते चालतं.

पण मिश्री बंद व्हायला हवी ताई. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, दंतमंजन नव्हे. दिवसातून दोन-तीनदा हिरडीला चोळलेल्या तंबाखूची सवय लागते, सकाळी नाही लावली तर डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, हे सगळं व्यसनाचंच लक्षण आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन गटानं, डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, साठच्या दशकापासून देशातल्या अनेक जिल्ह्यांत घरोघर जाऊन लाखांच्या घरात लोकांची तोंडं तपासली, त्यात पुणे जिल्ह्यातली गावंही होती, आणि तंबाखू ठेवण्याच्या जागीच पांढरे-लाल चट्टे आणि पुढे कर्करोग होतो हे आपल्याच लोकांमध्ये दाखवून दिलं. तुमच्या भागात खर्रा चालतो, त्यात तंबाखूबरोबर सुपारी, आणि सुपारी एकटीसुद्धा कर्करोगकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्ये जाहीर केलंय. सुपारीनं तोंड उघडायचं बंद होत जातं, वीस-बावीस वर्षांच्या पोरांची तोंडं दोन बोटं आत जातील इतकीही उघडत नाहीत, हे बघवत नाही.

सासूबाईंना एकदा दाखवून आणाच. काही महागडी मशीन लागत नाहीत. केरळात तिरुवनंतपुरमजवळ शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी मोठा अभ्यास केला, आरोग्यसेविकांना शिकवून फक्त टॉर्चच्या उजेडात लोकांची तोंडं बघायला लावली, २००५ मध्ये निष्कर्ष छापून आले. तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले, निव्वळ वेळेवर बघितल्यामुळे. तोंडातला चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत बरी झाली नाही तर थांबायचं नाही.

आता फ्लोराइड. नणंदबाईंची भीती अगदी हवेतून आलेली नाही, आणि तुम्ही वणीला राहता म्हणून तर मी याला हलकं घेणार नाही. गोष्ट सुरू होते अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला. फ्रेडरिक मॅकके नावाचा तरुण दंतवैद्य १९०१ मध्ये तिथे गेला आणि बघतो तर गावातल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग, पण ते डागवाले दात किडत कमी होते. कारण सापडायला १९३१ उजाडलं, पाण्यात फ्लोराइड जास्त. मग ट्रेंडली डीन यांनी शहरामागून शहर तपासून काढलं की लिटरला साधारण एक मिलिग्रॅमच्या आसपास असलं तर डाग जवळजवळ पडत नाहीत आणि किडणं कमी होतं. २५ जानेवारी १९४५ ला मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरानं पाण्यात मोजून फ्लोराइड घालायला सुरुवात केली.

आपल्याकडची गोष्ट उलटी आहे. १९३७ मध्ये नेल्लोरकडे फ्लोरोसिसची, म्हणजे जास्त फ्लोराइडनं होणाऱ्या आजाराची, भारतातली पहिली नोंद झाली, दातच काय पण हाडं, मणके कडक झालेली माणसं. आपल्या यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या किनवट भागात खोल बोअरच्या पाण्यात खडकांतून उतरलेलं फ्लोराइड जास्त सापडतं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅम ही हवी ती मर्यादा, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. शाळेच्या तपासणीत एकेका गावात ओळीनं मुलांच्या दातांवर आडव्या तपकिरी रेघा दिसायच्या आणि आया म्हणायच्या, घासत नाही नीट म्हणून झालंय. घासून जाणारा डाग नाही तो, दात जबड्यात तयार होत असताना आतच बसलेला असतो. त्या मुलींना मी हसताना तोंडावर हात धरताना बघितलंय.

म्हणून तुमचं पहिलं काम, पेस्ट बदलायच्याही आधी, बोअरचं पाणी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत देऊन फ्लोराइड मोजून घ्या. ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात विचारा, नमुना कसा भरायचा ते सांगतील. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. साध्या कँडलच्या फिल्टरनंही जात नाही, आरओनं जातं. आणि जास्त निघालं तर पिण्याचं आणि स्वयंपाकाचं दोन्ही पाणी बदलायचं, कारण वरण-भाजीतूनही ते पोटात जातं.

मग पेस्टचं काय? इथे हिशोब मांडते, कारण हा हिशोब मांडला की भीती आपोआप जागेवर येते. आपल्याकडे पेस्टमध्ये जास्तीत जास्त १००० पीपीएम फ्लोराइड घालायला परवानगी आहे, म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट म्हणजे साधारण दशांश ग्रॅम, त्यात ०.१ मिलिग्रॅम. वाटाण्याएवढी म्हणजे पाव ग्रॅम, पाव मिलिग्रॅम. पोरानं सगळी गिळली तरी तेवढंच. आणि पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅम असेल तर दिवसभरात एक लिटर प्यायल्यावर २ मिलिग्रॅम पोटात गेलं, रोज, वर्षानुवर्षं. धोका कुठे आहे ते दिसलं ना? जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लांबलचक पट्टी मुलाला देणं मात्र चूक आहे, ते मी कुणालाच करू देत नाही.

फ्लोराइडचा फायदा पोटात जाऊन होत नाही, दाताला लागून होतो. आम्लानं विरघळलेल्या जागी कॅल्शियम परत बसत असताना फ्लोराइड तिथे असलं तर जे नवीन कवच तयार होतं ते आधीपेक्षा जास्त आम्ल सोसतं. मुलांमध्ये फ्लोराइड पेस्टचे जेवढे चांगले अभ्यास झाले ते सगळे एकत्र करून कॉक्रेन नावाच्या आंतरराष्ट्रीय संशोधक गटानं २००३ मध्ये काढलेला आकडा, किडणं सुमारे २४ टक्क्यांनी कमी. दवाखान्यात वर्षातून दोन-चारदा दाताला लावतात त्या फ्लोराइड वार्निशचा त्यांचाच २०१३ चा आकडा दुधाच्या दातांसाठी ३७ टक्के. हर्बल पेस्टमध्ये लवंग असेल, कडुनिंब असेल, वास चांगला असेल, पण ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात फ्लोराइड लिहिलेलं नसेल तर किडणं थांबवणारी मुख्य गोष्टच त्यात नाही. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे, तुमच्या मुलाला आज फ्लोराइडची सगळ्यात जास्त गरज आहे. १००० पीपीएमची पेस्ट, वाटाण्याएवढी, सकाळी आणि रात्री झोपताना. रात्रीचं सोडायचं नाही, सकाळचं एखाद्या दिवशी राहिलं तरी चालेल. तुम्ही स्वतः घासून द्या, सात-आठ वर्षांचा होईपर्यंत, त्याच्या हाताला अजून ते वळण नसतं. त्याचं डोकं तुमच्या मांडीवर मागे टेकवा म्हणजे वरचे दात दिसतात. घासून झालं की थुंकायला लावा, पण खळखळून चूळ भरू देऊ नका, नाहीतर लावलेलं सगळं धुऊन गेलं. आणि त्यानंतर सकाळपर्यंत फक्त पाणी.

आता दोन डॉक्टरांच्या दोन टोकांच्या सल्ल्यांबद्दल. पडणारच आहेत हे पुढच्या चार दातांपुरतं थोडंफार खरं आहे, ते सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पडतील. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहायच्या असतात. तुमचा मुलगा साडेचारचा. म्हणजे अजून सहा-सात वर्षं त्यानं त्या खड्ड्यांनी जेवायचं? दाढ आधीच काढावी लागली तर मागची पुढे सरकते, खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा जाते, पू झाला तर त्या खालच्या दाताच्या इनॅमलवरही परिणाम होऊ शकतो. आणि दात दुखणारी मुलं धड जेवत नाहीत, झोपत नाहीत, एका बाजूनंच चावतात, आणि लहान असल्यामुळे दुखतंय असं नीट सांगतही नाहीत, नुसती चिडचिडी होतात. त्यामुळे काही करू नका हा सल्ला मला मान्य नाही.

पण सगळ्यांनाच भूल देऊन रूट कॅनाल, हेही प्रत्येक वेळी लागत नाही. किडणं कुठपर्यंत गेलंय, नसेपर्यंत पोचलंय का, हे एक्स-रेवर बघून ठरवायचं. पोचलं नसेल तर दोन साधे मार्ग आहेत आणि दोन्हींच्या मागे भक्कम अभ्यास आहेत, दोन्हीत सुई नाही, ड्रिल नाही. एक, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. थेंबभर औषध किडलेल्या जागी लावायचं, किडणं थांबतं, जागा कडक होते. जपानमध्ये १९७० च्या आसपासपासून वापरात आहे, आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. एक तोटा आहे, किडलेली जागा कायमची काळी कुळकुळीत होते, हे आधीच समजून घ्या. तुमच्या मुलाचे पुढचे दात तसेही काळेच झालेत, दुखत नसतील आणि हिरडीवर पुटकुळी नसेल तर ते इथे थांबवून ठेवणं आणि पडेपर्यंत लक्ष ठेवणं हा शहाणपणाचा रस्ता असू शकतो. वर्षातून दोनदा लावलं की जास्त चांगलं टिकतं.

दुसरा मार्ग दाढांसाठी. स्कॉटलंडमधल्या डॉ. नोर्ना हॉल यांनी आपल्या साध्या प्रॅक्टिसमध्ये सुरू केलेली पद्धत, किडलेलं काही न काढता दाढेवर स्टीलची तयार टोपी सिमेंटनं घट्ट बसवायची. आत राहिलेल्या जंतूंचा साखरेचा पुरवठा तुटतो आणि किडणं जागच्या जागी थांबतं. मला स्वतःला पहिल्यांदा ऐकून पटलं नव्हतं, किडलेलं आत ठेवून वरून झाकायचं म्हणजे काय, कॉलेजात तर कण न् कण खरवडून काढायला शिकवलेलं. पण नंतरच्या नियंत्रित अभ्यासांमध्ये या टोप्या साध्या फिलिंगपेक्षा चांगल्या टिकल्या, आणि आता माझ्याकडे कितीतरी मुलं चंदेरी दाढ दाखवत हसत घरी जातात. दाढ रात्री दुखत असेल, सूज असेल किंवा पू झाला असेल तर मात्र हे चालत नाही, तिथे नसेचा उपचार किंवा दात काढणं आलंच, आणि मूल फार लहान किंवा फार घाबरलेलं असेल, बरेच दात गेलेले असतील तर भूल हाच सुरक्षित मार्ग असतो. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, एक्स-रेवर नस गुंतलेली दिसते का, कुठल्या दातांची, आणि ज्यांची नाही त्यांना टोपी किंवा सिल्व्हरचं औषध चालेल का. चांगला डॉक्टर या प्रश्नाला रागावत नाही.

आणि सहाव्या वर्षाची एक गोष्ट आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते, कुठलाही दात न पडता, गुपचूप, त्यामुळे घरात सगळ्यांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते. तिच्यावरच्या खोल खाचांमध्ये ब्रशचा केस जात नाही, आल्या आल्या खाचा सीलंटनं बुजवून घ्यायच्या. दहा मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. ज्यांचे दुधाचे दात किडलेत त्यांच्या या दाढा सगळ्यात आधी जातात म्हणून तुम्हाला हे मुद्दाम सांगतेय.

आता लेक. आठ महिन्यांची, म्हणजे खालचे दोन आलेच असतील. अंगावरचं दूध खुशाल चालू ठेवा, आईच्या दुधात फ्लोराइड अगदी कमी असतं, पाण्यात जास्त असलं तरी, त्यामुळे तुमच्या भागात तर ते दुहेरी चांगलं. वरचं दूध किंवा पेज द्यायची असेल तर पाण्याचा रिपोर्ट येईपर्यंत बोअरच्या पाण्यात कालवू नका, कारण तिच्या पुढच्या कायमच्या दातांचं इनॅमल आत्ता आणि पुढच्या तीनेक वर्षांत बनतंय, डाग पडायचा तो याच काळात पडतो. बाटलीची सवय लावूच नका, वाटी-चमचा किंवा पेला. चोखणी मधात बुडवून देऊ नका, वर्षाच्या आत मध तसाही देऊ नये. दुधात साखर घालू नका, तिला गोडाची सवय अजून लागलेली नाही, ती तुम्हीच लावाल. वर्षाची झाल्यावर रात्री दर तासाला उठून पिणं हळूहळू कमी करा, एकदम नको. आहेत त्या दोन दातांना आजपासूनच मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी म्हणजे खरंच दाण्याएवढी, ब्रशवर नुसती पुसटशी लावल्यासारखी, रात्री. आणि वरचे दात आले की महिन्यातून एकदा खिडकीशी उजेडात बसून तिचा वरचा ओठ बोटानं उचलून हिरडीलगत बघा. पांढरी खडूसारखी रेघ दिसली तर त्याच आठवड्यात दवाखान्यात न्या, वार्निश लावून ती परत जाते.

पाण्याचा रिपोर्ट आला की आकडा इथेच लिहा, त्याप्रमाणे पेस्ट वाटाण्याएवढी ठेवायची की कमी करायची ते सांगते.